तळ्याचं पाणी

गोंदिया जिल्हा वेगळा झाल्यानंतरच्या एका निवडणुकीतली गोष्ट. आजवर गावाबाहेर कुणाला सांगितली नाही.

माझ्या मोठ्या मायचं, म्हणजे आईच्या थोरल्या बहिणीचं, एक गाणं होतं. ‘तळं साऱ्या गावाचं, पाणी आमच्या बांधीले.’ गावच्या तळ्याचं पाणी आमच्या वस्तीच्या बांध्यांना, म्हणजे धानाच्या शेतांना, शेवटी मिळायचं, तेव्हा तिनं रचलेलं. चौदा एप्रिलच्या जयंतीला ते व्हायचं, रोवणीत, धानाची रोपं लावताना, बायाही म्हणायच्या. तिला लिहिता येत नसे. शेवटचं कडवं तिनं एकदा धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, बसून मला एकट्याला सांगितलं आणि मी ते वहीत उतरवलं.

मी तेव्हा वरठीला कामाला होतो. तिथं आमच्याच मतदारसंघाच्या एका उमेदवाराच्या कार्यकर्त्याला ते गाणं म्हणून दाखवलं. तो म्हणाला, “तुम्ही तं कवी हो भाऊ!” एवढ्यावर मी विरघळलो. वही दिली. वर स्वतःच उमेदवारासाठी शब्द फिरवले, ‘तळं साऱ्या गावाचं, पाणी आणील भाऊ आता.’ हक्काचं गाणं मी मागण्याचं करून टाकलं.

प्रचाराची जीप ते शेवटच्या कडव्यासकट वाजवत आमच्या गावातून गेली. भाऊ निवडून आला, पाणी आलं नाही. त्या रोवणीत बायांनी ते गाणं तोंडातून काढलं नाही. कोणी दिलं, याची चर्चा झाली. मी गप्प राहिलो. मग रोवणीच्या दिवसांत गावी जाणंच टाळू लागलो.

बऱ्याच वर्षांनी गेलो, तर बांधीत तेच गाणं चाललेलं. जुनेच शब्द, आणि पुढं एक नवं कडवं:

“भाऊ गेला जीपीत बसून, पाणी राह्यलं तळ्यात,
आमीच फोडू पाट बाई, कोनाची पाहावी वाट!”

मोठी माय धुऱ्यावर बसून बायांना सूर देत होती. मी म्हटलं, “मोठे माय, ते गाणं मीच देलं होतं.”

“माहीत हाये. शेवटचं कडवं तुह्याशिवाय कोनाले येत होतं?”

“मंग बोलली काहून नाही?”

“तू कवा बोलतं, तेच पाहून राहिली होती.” मग आवाज चढवून, “आता उभा कायले हायेस? परह्याच्या पेंड्या दे त्याहीले!”

मी पॅन्ट वर करून चिखलात उतरलो, रोपांच्या पेंड्या बायांच्या हातात देऊ लागलो. ‘जीपीत बसून’ आलं की साऱ्याजणी माझ्याकडे पाहून हसायच्या. माझ्या चुकीलाही त्यांनी गाण्यात जागा दिली होती. तिसऱ्या फेरीला मीही ते कडवं म्हटलं, त्यांच्याहून मोठ्यानं.