हापशाचा दांडा

आमच्या वस्तीत हापसा बसला तेव्हा मला सहावा महिना लागला होता. त्याआधीचं एक, नदीतल्या झिऱ्यावरून भरले हंडे डोक्यावर घेऊन चढ चढताना गेलं होतं. म्हणून हापसा बसवणाऱ्या माणसांना सासूबाईंनी गुळाचा चहा पाजला आणि त्यांची गाडी वळायच्या आत तोटीखाली कळशी लावली. तेवढ्यात सरपंच धावत आले. त्यांनी खिळा काढून हापशाचा दांडा सोडवला आणि काखेत मारून घरी नेला.

“सायेब आल्याबिगर पानी काढायचं न्हाई,” जाता जाता ते म्हणाले. “उद्घाटनाआधी काढलं तर उष्टं होतंय.”

साहेब म्हणजे आमचे आमदार. गावच्या विहिरीवर आम्हाला कुणीतरी वरून ओतेल तेव्हाच पाणी मिळायचं, कारण आमच्या हातानं ते बाटत होतं. आता आमच्या हापशाचं पाणी आम्हीच प्यायलो तर ते साहेबांसाठी उष्टं होणार होतं. कसंही फिरवलं तरी हात आमचाच खराब!

साहेबांची तारीख काही ठरेना. त्या वर्षी राजकारणात नुसती उलथापालथ चालली होती. दिल्लीत सरकार डुगडुगायला लागलं की आमचा दांडा आणखी आठ दिवस लांबायचा. रेडिओ ऐकून देशाची काळजी करायला मी शिकले ती अशी. वस्तीतले सगळे पुरुष ऊसतोडीला गेलेले, माझा नवराही त्यांच्यात. झिऱ्यावर सासूबाई एकट्या जायच्या. मला चढावर पाऊलसुद्धा टाकू द्यायच्या नाहीत. परत आल्या की हंडा उतरवता उतरवता सरकारला शिव्या द्यायच्या. कोणत्या सरकारला, ते त्यांना महत्त्वाचं नव्हतं.

शेवटी फाल्गुनात साहेब आले. जीपवर कर्णा बांधलेला, मागं पुढाऱ्यांची दाटी. आम्ही बाया सकाळपासून हंडे पुढ्यात घेऊन बसलो होतो. दांडाही आला, सरपंचांच्या मांडीवर बसून, गळ्यात झेंडूचा हार घालून. नवरदेवालाही कुणी एवढं जपत नाही.

साहेबांनी माइक धरला आणि आधी दिल्लीचं सांगायला घेतलं. कोण फुटलं, कोण कुणाला जाऊन मिळालं, देशावर कसलं संकट आहे. मागच्या सभेत ज्यांना ते देशाचे वैरी म्हणाले होते, ते मधल्या काळात त्यांचे थोरले बंधू झाले होते. हे कसं घडलं ते सांगायची त्यांना गरज वाटली नाही. बायकांच्या काय लक्षात राहतंय, असा त्यांचा हिशेब असावा. मग जिल्ह्याच्या बातम्या. पिंगळीला एक्सप्रेस थांबावी म्हणून निवेदन दिलंय. सेलूला कापूस व्यापाऱ्यांचा मेळावा झकास झाला. येलदरीची वीज कुठकुठं पोचली तेही सांगितलं, आमच्या कंदिलांच्या वस्तीत उभं राहून. शेवटी आमच्याच गावाच्या बातम्या आम्हाला. कुणाकडं बारसं झालं, कुणाचा पोरगा कुस्ती जिंकला, कोण म्हातारबाबा आपल्यातून निघून गेले. ते म्हातारबाबा पहिल्याच रांगेत बसले होते. त्यांनी हात जोडून श्रद्धांजली स्वीकारली.

ऊन तापलं. सासूबाईंनी आपला पदर माझ्या डोक्यावर धरला. अखेर दांडा बसला, साहेबांनी हापसलं आणि धो धो पाणी आलं. मला रडूच आलं, खोटं कशाला बोलू. फोटो निघाला. सासूबाई कळशी पुढं करणार, तोच सरपंचांनी पुन्हा खिळा काढला आणि हारासकट दांडा जीपमध्ये ठेवला.

“आवो, दांडा कुठं न्यायलाव?” सासूबाई ओरडल्या.

“मावशी, ओढ्यापलीकडच्या गावात पण उद्घाटन आहे,” साहेब म्हणाले. “दांडे कमी आलेत. तुमचा येईलच मागून.”

ओढ्यापलीकडचं गाव म्हणजे माझं माहेर. तिथल्या वस्तीत माझी आईही अशीच हंडा घेऊन बसली असणार. हे कुणीतरी साहेबांच्या कानावर घातलं. ते लगेच माझ्याकडं वळले. “काय ताई, आईला तहानलेलं ठेवायचं का?” मला असा संताप आला!

सासूबाई जीपमध्ये चढल्या, साहेबांच्या जागेवर बसल्या आणि दांडा मांडीवर घेतला. “चला,” त्या म्हणाल्या. “तुमचं उद्घाटन होऊ द्या. येताना दांडा घेऊन मी चालत येते.”

त्यांना खाली उतरवायचं तर हात लावावा लागणार होता, आणि सरपंच काही हात लावायला तयार होईनात. विटाळ आयुष्यात तेवढा एकदाच आमच्या कामी आला. साहेब मागं पुढाऱ्यांत दाटीवाटीनं बसून गेले.

संध्याकाळी सासूबाई दांडा खांद्यावर टाकून परत आल्या. लग्नातल्या मानपानावरून त्या आणि माझी आई धड बोलत नव्हत्या. त्या दिवशी दोघी विहिणींनी ठरवून टाकलं, दांडा एक दिवस इकडं, एक दिवस तिकडं. माझी लेक जन्मली त्या दिवशी पाळी माहेरची होती. आईनं आपले हंडे रिकामे ठेवून दांडा इकडं आणला. लेकीची पहिली अंघोळ हापशाच्या पाण्यानं झाली.

दिवाळीनंतर साहेबांचा माणूस जीप घेऊन आला. तिसऱ्या एका गावात उद्घाटन होतं, एका दिवसापुरता दांडा पाहिजे होता.

“न्या की,” सासूबाई म्हणाल्या. “पर दांड्यासंगं आमी दोन्ही गावच्या बाया येणार. दिल्लीचं सायेब सांगतील, दांड्याचं आमी सांगू.”

माणूस रिकाम्या हातानं गेला. त्या तिसऱ्या गावाला कोरा करकरीत दांडा मिळाला, तोही उद्घाटनाच्या आधी.

मग आम्ही आमच्यासाठी दुसरा दांडा मागायला साहेबांच्या दारात गेलो. साहेब छान हसले. “तुम्हाला कशाला?” ते म्हणाले. “तुमचं तर उद्घाटन झालंय.”