दोनशे सत्त्याऐंशी नंबरचा डबा

ती घटना आठवली की आजही मला आधी भेंडीच्या भाजीचा वास येतो. पस्तीस वर्षांच्या नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, दंगली पाहिल्या. पण अख्ख्या पोलीस ठाण्याला एकदम भूक लागलेली मी त्या एकाच दिवशी पाहिली.

निवृत्तीला चार महिने उरले होते. सिंहगड रस्त्याच्या बाजूच्या एका ठाण्यात मी वरिष्ठ निरीक्षक होतो आणि विधानसभेची आचारसंहिता लागलेली होती. या काळात पोलीस अधिकाऱ्याची गत लग्नातल्या आचाऱ्यासारखी होते. कौतुक कुणी करत नाही, मीठ कमी पडलं की मात्र सगळे शोधत येतात.

आमच्या मतदारसंघात एक बाई उभ्या होत्या. धायरीतल्या जुन्या शेतकरी घरातल्या. घरी भाजणी-मेतकूट करून विकता विकता त्यांनी मसाल्यांचा कारखाना उभा केला होता आणि पाच-सहा वर्षांपासून त्या एकट्यादुकट्या म्हाताऱ्या माणसांना दुपारचा डबा फुकट पाठवत. मुलं परदेशात आणि आई-वडील इथे फ्लॅटमध्ये, अशी घरं आमच्या हद्दीत प्रत्येक सोसायटीत होती. उमेदवारी जाहीर झाल्यावर लोक म्हणू लागले, बघा, एवढ्यासाठीच चालला होता तो दानधर्म. खरं सांगतो, मलाही तसंच वाटायचं. पोलिसाला चांगुलपणा दिसला की तो आधी त्याची मागची बाजू उलटून बघतो.

एके दिवशी सकाळी साडेनऊला ठाण्याचा फोन वाजला. समोरचा माणूस वरिष्ठांशीच बोलेन म्हणतोय, असं सांगून ठाणे अंमलदाराने तो माझ्याकडे दिला. आवाज म्हातारा, भाषा स्वच्छ. उमेदवार बाई स्वतःचं नाव कोरलेले स्टीलचे डबे मतदारांच्या घरी पोचवतायत, अकराच्या सुमारास कारखान्यामागच्या शेडमध्ये गेलात तर सगळे एका जागी मिळतील, अशी खबर. मी नाव विचारलं.

"माझ्या नावाशी आपल्याला काय करायचंय? डब्यांवरची नावं वाचा. एकूण एक डबा मोजा आणि प्रत्येकावर काय कोरलंय ते पंचनाम्यात लिहा. 'वरीलप्रमाणे' लिहून मोकळे होऊ नका, आपल्याकडे ती सवय आहे."

फोन ठेवला गेला. हा माणूस सरकारी नोकरीतून निवृत्त झालेला असणार, एवढं मी ताडलं. नंबर फोनवर दिसत होता, तो डायरीत टिपून ठेवला. पण आचारसंहितेत तक्रार करणाऱ्याच्या मागे आपण लागत नाही.

भरारी पथकाचे प्रमुख कृषी खात्यातून आलेले एक सज्जन गृहस्थ होते. जन्मात त्यांनी बोगस बियाण्यापलीकडे काही पकडलेलं नव्हतं. शेडमध्ये चारशे बारा डबे ओळीने मांडून ठेवलेले पाहून त्यांचा चेहरा उजळला. बघावं त्या झाकणावर उमेदवार बाईंचं नाव, मशीनने कोरलेलं. मलाही मोह पडला. देणारा उमेदवार, घेणारा मतदार, मध्ये वस्तू आणि वस्तूवर नाव. मतदारांना प्रलोभन याहून नीट कुठे मांडून मिळणार? दोन पंच घेतले, डबे दोन गाड्यांत भरले आणि ठाण्यात आणले.

आणि तिथेच मी चुकलो. डबे भरलेले होते. वरण-भात, पोळ्या, भेंडीची भाजी, सगळं गरम. मुद्देमाल खोलीच्या कपाटांत कोयते, चोरीचे मोबाइल आणि जमिनीवर चारशे माणसांचं जेवण. वास पार वायरलेस रूमपर्यंत गेला. मुद्देमाल कारकून दर पाच मिनिटांनी काहीतरी कारण काढून खोलीत जाऊन येत होता.

साडेबाराला फोन सुरू झाले. पहिल्याच आजोबांनी विचारलं, "आमचा डबा आपल्याकडे आहे असं कळलं. अटक झालीय की नुसता चौकशीला बोलावलाय?" दुसरे म्हणाले, जामिनाला कुणाला पाठवू. आम्ही हसलो. मग एका आजींचा फोन आला. त्यांनी मधुमेहाची गोळी बाराला घेतली होती, हात थरथरत होते, आणि घरात शिजवलेलं काही नव्हतं. हवालदाराला मी शेजारच्या हॉटेलातून खायला घेऊन त्यांच्याकडे पिटाळलं. पण उरलेल्या घरांचं काय? मला माझी लाज वाटली. गुन्हा नोंदवला असता तर डबे मतदानापर्यंत आमच्याच खोलीत राहिले असते आणि ही सगळी माणसं रोज दुपारी अशीच फोनजवळ बसली असती.

तेवढ्यात बाई आल्या. प्रचारफेरी अर्धी सोडून, एकट्याच. मी त्यांना समोर बसवून रीतसर चौकशी सुरू केली. डबे कधीपासून, कुणाला, कुणाच्या खर्चाने. सगळ्याची उत्तरं नीट आली. मग मी मुद्द्याचं विचारलं, डब्यावर आपलं नाव कशाला?

इतका वेळ शुद्ध बोलणाऱ्या बाई एकदम गावच्या भाषेवर आल्या. "साहेब, तुमच्या घरच्या भांड्यांवर नाव हाय का नाही? मग तुम्ही कंच्या निवडणुकीला उभं होता? वाटायच्या वस्तूवर नाव घालत्यात ते ध्यानात राहावं म्हणून. भांड्यावर घालत्यात ते परत यावं म्हणून."

माझ्या घरच्या सगळ्या भांड्यांवर सासऱ्यांचं नाव आहे, हे मी त्यांना सांगितलं नाही. डबे परत येतात याला पुरावा काय, एवढंच विचारलं.

"आज तुमच्या गाडीतनं पाठवा. सांजच्याला मोजून घ्या."

कृषी खात्याचे साहेब वर फोन लावत राहिले. मी म्हटलं, डबे पाठवू, जबाबदारी माझी. मात्र आधी नावांचा पंचनामा पुरा करायचा. हवालदार एकेक झाकण बघून नाव वाचत होता, दुसरा लिहीत होता. तेच नाव, पुन्हा तेच नाव, नामस्मरण चालल्यासारखं. शंभराच्या पुढे पंच डुलक्या काढू लागले. हवालदाराने हळूच विचारलं, साहेब, पुढे 'वरीलप्रमाणे' लिहू का? मला सकाळचा फोन आठवला. नाही, म्हटलं, वाच.

दोनशे सत्त्याऐंशीव्या डब्याला तो थांबला. त्यावर दुसरंच नाव होतं.

डबा इतरांच्याच मापाचा, पण जुना, जड, एका बाजूला किंचित चेपलेला. अक्षरं हाताने ठोकून कोरलेली. वर एका बाईंचं नाव, त्याखाली 'आत्याकडून', आणि पन्नासेक वर्षांपूर्वीची लग्नाची तारीख. उमेदवार बाईंनी तो उलटसुलट करून पाहिला आणि हा आमचा नाही म्हणाल्या. त्यातलं जेवण आमच्या कँटीनच्या डब्यात काढून दिलं आणि तो बाजूला ठेवला.

दोन वाजल्यापासून दोन पोलीस गाड्या सोसायट्यांमधून डबे पोचवत फिरल्या. एका आजोबांनी पोळ्या गार असल्याची तोंडी तक्रार हवालदाराकडे दिली आणि ती लिहून घेतल्याशिवाय दार लावलं नाही.

संध्याकाळी सहाला चारशे अकरा डबे परत आले, एकही कमी नाही. आणि रिकामे तर नाहीतच. कुणी लिंबू घातलं होतं, कुणी कढीपत्ता, कुणी दिवाळीतले उरलेले दोन चिरोटे. एकात चिठ्ठी होती, भेंडी अंमळ बारीक चिरावी. मी हे सगळं स्टेशन डायरीत नोंदवलं. लाच घेणारा माणूस लाचेत कढीपत्ता घालून ती परत करत नाही. प्रकरण तिथेच संपलं होतं. वरून आदेशही आला, डबे चालू ठेवायला हरकत नाही, मात्र मतदान होईपर्यंत नावं झाकावीत. लगेच शिपाई चिकटपट्टी घेऊन बसले. बाई वैतागल्या. नाव झाकलं तर डबे परत कसे यायचे, हा त्यांचा प्रश्न रास्त होता.

मी डायरीतला सकाळचा नंबर फिरवला. तोच आवाज आला. मी स्वतःची ओळख दिली आणि त्या जुन्या डब्यावरचं बाईंचं नाव वाचून दाखवलं.

"कितव्या नंबरला सापडला?"

"दोनशे सत्त्याऐंशी."

"चेपलाय का?"

"थोडा."

"तो आधीपासूनच आहे," म्हणाले, आणि फोन ठेवून दिला.

अर्ध्या तासात रिक्षाने आले. पंचाहत्तरी ओलांडलेले, इस्त्रीचा शर्ट, हातात कापडी पिशवी. जन्म बुधवार पेठेत गेलेला, परदेशातल्या मुलाने धायरीत फ्लॅट घेऊन दिला म्हणून इकडे आलेले. पत्नी मागच्या वर्षी गेल्या. त्या डब्यात तीस वर्षं त्यांनी ऑफिसला जेवण नेलं होतं. आठ दिवसांपूर्वी चष्मा दुरुस्तीला दिलेला असताना बाईंच्या डब्याऐवजी चुकून तोच परत गेला. स्वयंपाकघरात त्यांनी सहा वेळा फोन केला. तिथून उत्तर मिळालं, आजोबा, डबे सगळे सारखेच असतात, इलेक्शन होऊ दे, मग बघू.

मी जरा कडक झालो. पोलिसांकडे खोटी खबर देणं हा गुन्हा आहे, असं बजावलं.

"खोटं त्यात एक अक्षर दाखवा. डबे होते, नाव होतं, उमेदवार होत्या. गुन्हा दाखल करा असं मी म्हटलंच नव्हतं. मोजा म्हटलं होतं."

"मग सरळ इथे येऊन सांगायचं."

"आलो होतो की. परवा. आपल्या अंमलदारांनी विचारलं, डब्याची किंमत किती. मी म्हटलं, सांगता येणार नाही. ते म्हणाले, मग तक्रार घेता येणार नाही."

मी अंमलदाराकडे पाहिलं. तो रजिस्टरची पानं उलटू लागला. त्याला काय बोलणार, ते विचारायला मीच त्याला शिकवलं होतं.

उमेदवार बाई कोपऱ्यातल्या बाकावर बसून हे सगळं ऐकत होत्या. त्यांचा प्रचाराचा एक दिवस बुडाला होता आणि नावावर किटाळ येता येता राहिलं होतं. आता भडका उडणार म्हणून मी मधे व्हायच्या तयारीत होतो. त्या उठून आल्या. आजोबांनी पिशवीतून त्यांचा डबा काढून दिला, घासून लख्ख केलेला. त्यांनी झाकण उघडलं. आत स्वतःच्या हाताने वळलेले दोन वेडेवाकडे बेसनाचे लाडू होते. बाईंनी एक तिथेच खाल्ला.

"काका, बेसन कच्चं राहिलंय. गॅस मोठा ठेवला होता ना?" त्या म्हणाल्या, आणि पदराने डोळे पुसले. आजोबांनीही चष्मा काढून पुसला आणि ती नेहमी मंद ठेवायची, एवढंच पुटपुटले.

ताबा पावतीवर सही घेऊन मी त्यांचा डबा मागवला. शिपायाने पट्टी लावण्याच्या ओघात त्यावरही लावून टाकली होती. आजोबांनी डबा मांडीवर घेतला, नखाने पट्टीचं टोक उचकटलं आणि सबंध पट्टी सावकाश सोलून माझ्या टेबलावर ठेवली.

"ही कुठे उभी राहिलीय निवडणुकीला?"



बाई निवडणुकीत पडल्या. निकालाच्या दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम हवालदाराला शेडकडे पाठवलं, सवय जात नाही. डबे वेळेवर निघाले होते. आजोबांना मी एकदा विचारलं, मत कुणाला दिलंत. मतदान गुप्त असतं हे प्रशिक्षणात शिकवत नाहीत का, असं त्यांनी मला विचारलं.

या प्रकरणाने मला एक गोष्ट फार उशिरा शिकवली. ज्याला कलम आहे तेवढंच माणूस आपल्याला येऊन सांगतो, कारण बाकीचं आपण लिहून घेत नाही हे त्याला ठाऊक असतं. प्रलोभनाला कलम होतं, म्हणून दोन गाड्या धावल्या. बायकोच्या डब्याला नव्हतं. पुढचे चार महिने माझ्या ठाण्यात कुणी काही हरवलं म्हणून आलं की अंमलदार आधी खुर्ची द्यायचा, मग वस्तू कशी होती ते विचारायचा, आणि किंमत किती हा रकाना सगळ्यात शेवटी भरायचा.