उलट्या हाताची कडी

आमच्या गावात अजून सांगतात की मुंबईच्या एका दुकानदाराने दादाच्या गळ्यात उलट्या हाताची रायफल मारली आणि त्यापायी दादा जन्माचा लंगडा झाला. ही गोष्ट माझ्यासमोर अनेकदा सांगितली गेली आणि दर वेळी मी मान डोलावली. त्या दुकानात आम्ही दोघंच गेलो होतो. दादा आता नाही. दुकानदाराने खरोखर काय सल्ला दिला होता, ते लिहायला मी एकटाच उरलो आहे.

दादा माझा चुलतभाऊ, माझ्याहून दोन वर्षांनी मोठा. आमचं गाव खालापूर तालुक्यात, डोंगराला लागून. बाजारहाट मात्र कर्जतला. भातात रानडुकरं उतरायची, म्हणून कापणी झाली की गावकरी आणि वरच्या वाडीतले ठाकर मिळून हाका करायचे. ठाकर हाकारे देत डुकरं खाली आणायचे, आणि आम्ही बंदुका घेऊन ठरलेल्या जागांवर बसायचो. मटणाचे वाटे सगळ्यांना सारखे, पण डुकराची मान ज्याचा बार लागला त्याच्या घरी जायची. तिला आम्ही नुसतं ‘मान’ म्हणायचो. मांसही तेच आणि मोठेपणाही तोच, दोन्ही एका टोपलीत.

ती टोपली वर्षानुवर्षं आमच्या दारावरून पुढे काकांच्या घरी गेली. मग काकी त्यातलं वाडगंभर शिजवलेलं आमच्याकडे पाठवायची. आई म्हणायची, “घे, दादाच्या बाराचं हाय.” वडील खाताखाता माझ्याकडे बघायचे. माझ्याकडे वडिलांची ठासणीची बंदूक होती आणि दादाकडेही तसलीच होती, त्यामुळे बंदुकीला दोष द्यायचीही सोय नव्हती.

दादा डावरा. बंदूक डाव्या खांद्याला लावायचा, डाव्या बोटाने चाप ओढायचा. मी उजवा, कर्जतला राहून मॅट्रिक झालेला, आणि माझा बार हमखास शेपटीमागच्या मातीत. गावात बायका लहान पोरांना सांगायच्या, दादासारखा हो. माझ्यासारखा हो, असं कुणी म्हटलेलं मला आठवत नाही. मला शिकारीची एवढी हौसही नव्हती. मला फक्त ती टोपली एकदा आमच्या दारात थांबायला हवी होती.

महायुद्ध संपल्यावर दादाला नव्या बंदुकीचा परवाना मिळाला. खालापूरच्या कचेरीत हेलपाटे घालून त्याने तो काढला होता. मला म्हणाला, “तू चल रं माझ्यासंगती. तिथं विंग्रजी लागंल.”

दुकान फोर्टात होतं. काचेच्या कपाटात बंदुका उभ्या होत्या आणि आत तेलाचा वास होता. दुकानदार म्हातारा, काळी टोपी घातलेला. त्याला मोडकंतोडकं मराठी येत असावं, पण मी पहिलंच वाक्य इंग्रजीत टाकलं, म्हणून पुढे तोही इंग्रजीतच बोलत राहिला. दादाने अभिमानाने माझ्या पाठीवर हात ठेवला. त्या हाताचाही मला राग आला.

दादाची नजर एका रायफलीवर खिळली होती. तिच्या नळीमागे उजव्या बाजूला एक दांडा होता. तो उचलून मागे ओढायचा, पुढे ढकलायचा, की दुसरी गोळी आत. दाराच्या कडीसारखा दिसणारा तो दांडा दादाला फार आवडला. दुकानदाराने ती त्याच्या हातात दिली. दादाने ती डाव्या खांद्याला लावली आणि दुकानदार लगेच माझ्याकडे वळला.

तो काय बोलला ते मी विसरलेलो नाही. त्याने विचारलं, तुमच्या रानात डुक्कर किती लांबून दिसतं? मी सांगितलं, कारवी दाट आहे, अगदी पुढ्यात येईपर्यंत दिसत नाही. तो म्हणाला, मग ही रायफल यांना देऊ नका. यांचा हात डावा आणि दांडा उजवीकडे. पहिल्या गोळीनंतर यांना बंदूक खांद्यावरून उतरवावी लागेल, आणि जखमी डुक्कर तेवढी सवड देत नाही. त्याने कपाटातून एक वापरलेली दुनळी काढली. दिसायला साधी, दस्त्यावर चरे पडलेले. म्हणाला, ही मधून मोडून भरतात, हिला डावं-उजवं नाही. दोन चाप, दोन बार. दस्ता यांच्या गालाला बसेल असा घासून देतो. रायफल विकली तर माझा फायदा जास्त आहे, तरी सांगतो, हीच न्या.

“काय म्हणतोय?” दादाने विचारलं.

मी म्हणालो, “म्हणतोय, चार दिवसांत हात बसंल. नेम असलेल्याला रायफलच शोभते. दुनळी ज्याला नेम नाय त्याची.”

“मंग ती दुनळी कशाला दावतोय?”

“माझ्यासाठी,” मी म्हणालो.

दादा मोठ्याने हसला. त्याला दुखापत व्हावी असं माझ्या मनात नव्हतं. त्याचा एक तरी डुक्कर निसटावा आणि तो वाडीतल्या लोकांनी बघावा, एवढंच मला हवं होतं. दादाने रायफलीवर बोट ठेवलं. दुकानदाराने मला पुन्हा विचारलं, तुम्ही यांना नीट सांगितलंत ना? मी इंग्रजीत हो म्हणालो.

गावात आल्यावर दादाने बांधावर गाडगी मांडून फोडली. एकही चुकलं नाही. त्याच्या डाव्या खांद्याला ती रायफल अशी काही शोभत होती की माझाच डाव माझ्यावर उलटला असं वाटून मी दोन दिवस धड जेवलो नाही. वाडीतला एक म्हातारा ठाकर म्हणाला, “बंदुकीला कडी हाय, आता कुलूप तेवढं घे.” सगळे हसले. दादाही हसला. त्याच्यावर झालेल्या विनोदातसुद्धा त्याचंच कौतुक होतं.

त्या हिवाळ्यातल्या पहिल्याच हाक्याला दादाची जागा एका आंब्याखाली होती आणि माझी त्याच्या वरच्या खडकावर. हाकारे जवळ आले, कारवी हलली आणि मोठा एकुलगा, कळप सोडून एकटा फिरणारा डुक्कर दादासमोर निघाला. दादाचा बार झाला. डुक्कर गुडघ्यांवर बसला आणि पुन्हा उठला. दादाने रायफल खांद्यावरून उतरवली आणि चापावरचा डावा हात पलीकडे नेऊन कडी उचलू लागला. मी वरून बघत होतो. दुकानदार म्हणाला होता ते अगदी तसंच माझ्या डोळ्यांसमोर घडत होतं, आणि खोटं कशाला लिहू, पहिल्या क्षणाला मला बरं वाटलं.

मग डुकराचा सुळा दादाच्या मांडीत गेला. मी खडकावरून उडी टाकली, जवळ जाऊन बार काढला आणि डुक्कर आडवा झाला. एवढ्या जवळून कुणाचाही नेम चुकला नसता.

झोळी करून आम्ही त्याला कर्जतच्या दवाखान्यात नेलं. पाय वाचला, पण आखडला. टोपली आमच्या घरी आली. वडील म्हणाले, “शाबास.” आईने रस्सा केला. मी दोनदा वाढून घेतला.

नंतर दादाला भेटायला लोकांची रीघ लागली. खाटेवर पडल्यापडल्या तो प्रत्येकाला सांगे, “दुकानदारानं फसवलं, पन माझ्या भावानं वाचवलं.” माझी तारीफ ऐकायलाही लोक त्याच्याच खाटेभोवती बसत. हेसुद्धा मला सलायचं.

काही वर्षांनी कशेळ्याचा एक शेतकरी बंदूक घ्यायची म्हणून दादाच्या ओसरीवर सल्ला विचारायला आला. दादा म्हणाला, “कुठूनबी घ्या, त्या दुकानात मात्र पाय ठेवू नका.” आणि माझ्याकडे वळला, “सांग की रं, तू व्हतास ना?”

मी म्हणालो, “माणूसच तसा तो.”

फोर्टातलं बोलणं मत्सराच्या भरात झालं असं एकवेळ म्हणता येईल. ओसरीवरचं हे वाक्य मी थंड डोक्याने बोललो. त्यानंतर आमच्या बाजूचं कुणी त्या दुकानात गेलं नाही.

म्हणून दादाच्या मुलांसाठी आणि नातवंडांसाठी लिहितो. त्या माणसाने स्वतःचा फायदा सोडून खरा सल्ला दिला होता. तो तुमच्या घरापर्यंत पोचू दिला नाही तो मी. आता माझ्याशी बोलायचं की नाही ते तुम्ही ठरवा. परवाच दादाचा नातू म्हणाला, “आजोबांसारखा नेम तालुक्यात कुणाचा नव्हता, नाही का हो?” मी हो म्हणालो. खरंच नव्हता. पण ते हो तोंडातून बाहेर काढायला या वयातही मला जोर लावावा लागला.