देशाचा रकाना

मी रत्नागिरीत एका सरकारी कचेरीत टंकलेखक होतो. माणसांपेक्षा रकानेच जास्त ओळखायचो म्हणा ना. नाव, बापाचं नाव, वय, मुक्काम पोस्ट. आमच्या गावचं कोणीही मुंबईला किंवा त्यापलीकडे निघालं की अर्ज भरून घ्यायला आधी माझ्या भाड्याच्या खोलीवर यायचं. मी अर्ज भरायचो आणि वर त्यांच्या शुद्धलेखनावर तोंडसुखही घ्यायचो. तेवढाच माझा रुबाब.

आक्का म्हणजे माझी थोरली बहीण. तिचे यजमान आखातात सुतारकाम करायचे आणि दोन वर्षांनी एकदा रजेवर यायचे. ऐंशीचं दशक संपत आलं होतं. त्या उन्हाळ्यात भावोजी माझ्याकडे आले ते मुंबईच्या एजंटाने दिलेला नवा फॉर्म घेऊन. त्यात पूर्वी कधी नसलेला एक रकाना होता. एड्सची रक्ततपासणी केल्याचा दाखला जोडायचा, नाहीतर व्हिसा नाही. एड्स हा शब्द मी तोवर फक्त पेपरात वाचला होता, तोही कुठल्यातरी लांबच्या लोकांविषयी.

एवढंच ना, असं मला वाटलं. भावोजींचा चेहरा मात्र उतरला होता. आक्काही सोबत आली होती, मागच्या पडवीत बांगडे साफ करत होती. तिला ऐकू जाऊ नये म्हणून ते अगदी हळू बोलले.

"मेव्हणेबुवा, ह्या रगात तू दे. माज्या नावानं."

मी हसलो. ते हसले नाहीत.

"आमच्या खोलीत एक केरळी होता," ते म्हणाले. "सकाळी कामावर निघाला तर दारात गाडी. थेट इमानतळावर नेला त्याला. चपला दारातच ऱ्हायल्या. रगातात कायतरी गावला, येवडाच आमाला कळला."

चार वर्षांपूर्वी आखातात कामावर असताना भावोजी परांचीवरून पडले होते. पाय मोडला होता आणि तिथल्या इस्पितळात त्यांना दोन बाटल्या रक्त चढवलं होतं. ते रक्त कोणाचं होतं, या विचाराने आता त्यांना घोर लागला होता.

"माला कायपन होत नाय. चांगला जेवतोय, काम करतोय. पन असला तर? त्यापेक्षा माला कळायलाच नको."

मी नाही म्हणायला हवं होतं. पण आक्काच्या नवऱ्याला नाही म्हणायची आमच्या घरात रीत नव्हती. आणि खरं सांगायचं तर मला त्यात थोडी मर्दुमकीही वाटली. माझं रक्त ठणठणीत, वापरा की!

बाजारातल्या एका लॅबमध्ये रक्त नुसतं काढून घ्यायचे. तपासणी मुंबईला व्हायची. थर्मासमध्ये मिरकरवाड्याच्या मासळीबंदरावरचा बर्फ भरायचा, ज्यात एरवी पापलेट मुंबईला जायचं तोच, आणि त्यात बाटली ठेवून थर्मास एसटीने पाठवायचा. लॅबवाल्याने मान वर न करता नाव विचारलं. मी भावोजींचं सांगितलं. बापाचं नाव विचारलं. मी आक्काच्या सासऱ्यांचं सांगितलं. कुठल्या देशात जायचंय, तेही सांगितलं. तो सगळं लिहीत गेला.

आठवड्याने दाखला आला. रक्तात दोष नाही. एक प्रत एजंटाकडे गेली आणि दुसरी आक्काने हळदकुंकू लावून देवाच्या फळीवर ठेवली. भावोजी आखातात परत गेले.

तीन आठवड्यांत ते पुन्हा माझ्या दारात उभे होते. हातात प्लास्टिकची एक पिशवी, बाकी काही नाही. तिथे उतरल्यावर त्यांचं परत रक्त घेतलं होतं. या वेळी त्यांचं स्वतःचं.

"आक्काला काय सांगणार?" मी विचारलं.

"सांगेन की त्यांची कायतरी गफलत झाली. आपला दाखला चांगला हाय."

आक्काने ते खरं मानलं. का नाही मानणार? दाखला तिच्या देवाच्या फळीवरच होता. उलट ती खूश होती. लग्नाला सहा वर्षं झाली होती, एक मूल पोटातच गेलं होतं आणि नवरा कायम समुद्रापलीकडे. "आता हे घरीच हायत तर पाळणा हलंल बाबू," असं ती मला म्हणाली. नवऱ्याचा रोग बायकोला लागतो, मुलालाही लागतो, हे मी तोपर्यंत शोधून शोधून वाचलं होतं.

मी भावोजींना म्हणालो, तिला सांगा. ते म्हणाले, उद्या सांगतो. ते सांगेनात म्हणून मी सांगायचं ठरवलं, तेही उद्याच. रोज एक, असे अकरा उद्या गेले. मला आक्काची भीती वाटत होती, आणि लाज वाटते पण लिहितो, नोकरीचीही. खोट्या नावाने रक्त दिलं म्हणून कोणी चौकशी लावली तर? दाढी करताना जरा कापलं तरी मी ते रक्त बघत उभा राहायचो. निर्दोष रक्त. डोकं फिरायचं.

बाराव्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत आक्का कचेरीत आली. गावाहून पहिल्या गाडीने निघाली होती. पिशवीतून तिने दाखला काढला, कुंकवाच्या डागासकट.

"ह्यांच्या कंपनीला इंग्रजीतून अर्ज लिही. तुमची चूक झाली म्हणावा. हा कागद बगा नि त्यांना परत घ्या."

मी मशीनला कागद लावला. ती सांगत होती आणि मी टाइप करत होतो. सोबत दाखला जोडला आहे, या ओळीपाशी आलो आणि बोटं थांबली.

"आक्का, ते रक्त माझं होतं."

मग सगळं सांगितलं. केरळी, परांची, दोन बाटल्या, थर्मास. ती दाखल्याकडे बघत राहिली. मला वाटलं, थोबाडीत मारील.

"म्हंजे तुला कायपन नाय ना?"

"नाही."

"बरा झाला," ती म्हणाली. दाखला तिने माझ्यासमोर टेबलावर ठेवला. "मग ह्यो तुजा कागद. माजा कुठं हाय?"

मला रडू फुटलं. सगळ्या कचेरीदेखत रडलो. अर्धा अर्ज मशीनमध्ये तसाच सोडून आम्ही लॅबकडे चालत निघालो.

लॅबवाला तोच होता. त्याने मला ओळखलं नाही. नाव विचारलं, तिने खणखणीत आवाजात सांगितलं. नवऱ्याचं नाव विचारलं, तेही सांगितलं, उखाणा घेताना लाजणाऱ्या माझ्या आक्काने.

"कुठल्या देशात जायचंय?"

मी काहीतरी जुळवायला तोंड उघडलं.

"कुठं नाय," आक्का म्हणाली. "माला हितंच ऱ्हायाचाय."

त्याने प्रथमच मान वर केली. "अहो बाई, मग ही तपासणी कशाला? ही बाहेर जाणाऱ्यांसाठी असते."

आक्काने बांगड्या वर सरकवल्या आणि हात त्याच्या टेबलावर ठेवला.