पदवी कशातलीही चालेल

आम्ही चार जुने गिरणीवाले सात रस्त्यावर चहाला बसलो की पहिला कप गुडघेदुखीत जातो. दुसऱ्या कपापासून पदवीधरांचे किस्से सुरू होतात. इतकी वर्षं सांगतोय, संपत नाहीत. एखादा विसरला म्हणावं तर त्याच्या जागी दोन आठवतात. घरचे म्हणतात, "तेच तेच काय सांगता?" अहो, तेच तेच घडत होतं, त्याला आमचा काय इलाज?

सत्तर सालानंतरची गोष्ट. सोलापुरातल्या आमच्या गिरणीत वरून फर्मान आलं, की यापुढे सुपरवायझर पदवीधरच हवा. कशातला पदवीधर, ते फर्मानात नव्हतं. म्हणून कशातलाही चालायचा.

आमचं विणकाम खातं तेव्हा नरसय्या बघायचे. पद जॉबरचं, म्हणजे माग दुरुस्त करायचे आणि कामगार सांभाळायचे. जुना सुपरवायझर निवृत्त झाल्यापासून सहा वर्षं त्याचंही काम यांच्याच गळ्यात; पदवीधर यायचे ते शिकाऊ म्हणून, आणि टिकायचे नाहीत. घरी तेलगू, गिरणीत मराठी, शाळा चौथीपर्यंत. दर सहा महिन्यांनी मी त्यांना ऑफिसचं पत्र द्यायचो, 'हंगामी सुपरवायझर'. ते त्यावर बोट ठेवून म्हणायचे, "हिरेमठ, ह्यातलं हंगामी तेवढं काढा की. रिटायर व्हायच्या आदी निघालं पायजे." त्या माणसानं गिरणीकडं दुसरं काही मागितल्याचं मला आठवत नाही.

आता किस्से. पहिला माझाच सांगतो, नाहीतर म्हणाल, दुसऱ्यांची उणीदुणी काढतो.

मी बी.ए., संस्कृत घेऊन, सेकंड क्लास. शुक्रवार पेठेत आमच्या गल्लीतला पहिला ग्रॅज्युएट, वडिलांनी घरोघर पेढे वाटले. गिरणीच्या लेबर ऑफिसात चिकटलो. पहिल्याच आठवड्यात मॅनेजर म्हणाले, "खात्यात बीम किती शिल्लक आहेत, मोजून या." गेलो, मोजले, परत आलो. "अठ्ठावीस आहेत सर. दोन गंजलेत, रंग द्यावा लागेल."

बीम म्हणजे उभं सूत गुंडाळलेला भला मोठा रूळ, तो मागावर चढवतात. मी छताच्या तुळया मोजून आलो होतो! मॅनेजरनी नरसय्यांना बोलावलं. नरसय्यांनी एकदा माझ्याकडं बघितलं आणि गंभीर चेहऱ्यानं म्हणाले, "मोजणी बरोबर हाय साहेब. जरा वर बघून केलीया, एवढंच." मग मला आत नेऊन खरे बीम दाखवले. सहा होते.

* * *

जगताप अकलूजचा. ऊसवाल्यांच्या घरचा, अंगानं दणकट, बोलायला गोड. बी.एस्सी., वनस्पतिशास्त्र. "वनस्पतिशास्त्रच का घेतलंस रे?" असं विचारलं तर म्हणाला, "फॉर्म भरायला गेलो तवा फिजिक्सची रांग उन्हात होती." निदान खरं तरी बोलला. बाकीचे 'आवड होती' म्हणायचे.

सूत जाड का बारीक, ते त्याच्या नंबरावरून कळतं, आणि मुरलेला जॉबर नुसत्या चिमटीत धरून नंबर सांगतो. नरसय्यांनी जगतापच्या हातात सुताची लड दिली. "सांगा साहेब, कुठलं हाय हे?"

जगतापनं लड खिडकीच्या उजेडात धरली, उलटीसुलटी केली आणि म्हणाला, "कापूस. कूळ माल्व्हेसी."

"कूळ ऱ्हाऊ द्या," नरसय्या म्हणाले. "आपल्याला सोयरीक करायची न्हाय, चादर करायचीया."

जगताप दीड वर्ष टिकला. मग गावी जाऊन शेती बघायला लागला, आणि लई झकास बघतो असं ऐकतो.

* * *

त्याच्यानंतर आले ते एम.ए., मानसशास्त्र. पुण्याहून आलेले. त्यांचा सिद्धान्त असा, की यंत्र बिघडत नसतं, माणसाचं मन बिघडतं. आमच्या खात्यातले विणकर रहीमभाई, त्यांचा माग बंद पडला, तसे हे वही घेऊन त्यांच्याशेजारी स्टुलावर बसले. झोप होते का, घरात कोण कोण, बायकोशी पटतं का. रहीमभाई हातातला धोटा दाखवायला बघायचे, हे हात खाली करायला लावायचे. धोटा म्हणजे आडवं सूत घेऊन मागात इकडून तिकडं पळतो तो लाकडी तुकडा. त्याचं टोक फुटलेलं, लांबूनही दिसत होतं.

शेवटी साहेब खाली वाकून हळुवार आवाजात म्हणाले, "रहीमभाई, आपका बचपन कैसा था?"

"बचपन अच्छा था साब," रहीमभाई म्हणाले. "धोटा खराब है."

नरसय्यांनी धोटा बदलला आणि माग सुरू झाला. साहेबांचा तीन पानी रिपोर्ट वर गेला, त्यात धोट्याचा उल्लेख नव्हता.

* * *

एकदा मात्र एक जण खरंच हेच शिकून आला. विणकामाचा तीन वर्षांचा डिप्लोमा. नरसय्यांशी बोलायला लागला आणि दोघं असे रंगले, की पुढ्यातला चहा गार झाला. नरसय्या मला बाजूला घेऊन म्हणाले, "ह्याला घ्या. माझं न्हाय झालं तरी चालंल." मी अर्ज आत नेला. मॅनेजरनी नियमावर बोट ठेवलं. डिप्लोमा म्हणजे पदवी नव्हे.

तो पुढे पोस्टात लागला, तिकिटं विकायला. त्याच महिन्यात आम्ही इतिहासाचा एम.ए. भरती केला. मला अजून त्या गोष्टीचा राग येतो. त्या दिवशी राग आला नव्हता, हे जास्त वाईट. तेव्हा मला नियम बरोबरच वाटला होता. मीही पदवीधर होतो ना!

* * *

आता शेवटचा. हा सांगितल्यावर आम्ही उठतो.

इतिहासवालाही सोडून गेला आणि जागा पुन्हा रिकामी झाली. या खेपेला मॅनेजर म्हणाले, कायमचा माणूस नेमू, मुलाखती ठेवा. नरसय्यांच्या निवृत्तीला वर्ष उरलेलं. मी धाडस करून त्यांचाही अर्ज टाइप केला आणि इतरांच्या खाली सरकवला. मॅनेजर म्हणाले, "ठीक आहे, इतकी वर्षं आहे, येऊ दे. सगळ्यांना एकच प्रश्न विचारू, म्हणजे अन्याय नको." नरसय्या धुतलेला शर्ट घालून, टोपी मांडीवर ठेवून बाहेरच्या बाकावर बसले. आत मी शेरे लिहायला.

प्रश्न असा: "खात्यातले अर्धे माग एकदम बंद पडले, तर आधी काय कराल?"

पहिला भौतिकशास्त्रवाला. त्यानं कागद मागितला आणि दहा मिनिटं आकृत्या काढल्या. मॅनेजर म्हणाले, "तोवर उरलेले अर्धेही बंद पडतील."

दुसरा बी.ए., भूगोल. विचार न करता म्हणाला, "सर, आधी नरसय्यांना हाक मारीन."

मॅनेजर खूश. टेबलावर थाप मारली. "याला म्हणतात प्रॅक्टिकल माणूस! लिहा हिरेमठ, निर्णयशक्ती उत्तम."

मग नरसय्या आत आले. बस म्हटलं तरी बसले नाहीत.

"खात्यातले अर्धे माग एकदम बंद पडले, तर तू आधी काय करशील?"

नरसय्यांनी जरा विचार केला. "अर्धे कसे पडतील साहेब? पयला पडला की मी तितं असतो की."

"अरे, पण समज पडले."

"सहा वर्षांत पडले न्हायत."

"समज म्हणतोय मी! अर्धे बंद आहेत. आता काय?"

मला वाटलं, आता नरसय्या सांगतील. साधं होतं, आधी हे बघीन, मग ते बघीन. त्यांनी टोपी या हातातून त्या हातात घेतली आणि म्हणाले, "मग त्या दिवशी मी मेलेलो असणार, साहेब."

मॅनेजर माझ्याकडं वळले. "लिहा. समाधानकारक उत्तर देता आले नाही."

मी लिहिलं.