लेहला नेलेला कांदा

आमच्या नागपुरात मे महिन्यात बाहेर पडताना लोक खिशात कांदा ठेवतात, ऊन लागू नये म्हणून. आमचे हे तर गांधीबागेतल्या आपल्या कापडाच्या दुकानात कांद्याशिवाय जातच नाहीत. पण लेहला जातानाही यांनी स्वेटरच्या खिशात कांदा घातला, तेव्हा मी कपाळावर हात मारला.

"अवो, तिथं ऊन लागत नाही, हवा विरळ असते. कांदा काय करंल?"

"नागपूरचा उन्हाळा काढणाऱ्या माणसाले हवा काय करते वं?"

लग्नापासून मला एकच हौस, लडाखचं ते निळंशार तळं पाहायची. दरवर्षी लग्नसराईचं गिऱ्हाईक आडवं यायचं. शेवटी मीच तिकिटं काढली आणि मग यांना सांगितलं.

लेहला उतरल्यावर हॉटेलवाल्यानं बजावलं, दोन दिवस नुसतं पडून राहा. मी मुकाट्यानं रजईत शिरले. "झोपाले इतक्या दूर आलो काय?" म्हणत हे समोरच्या टेकडीवरच्या मठाकडे निघाले. थोड्याच वेळात दोन माणसांनी यांना धरून परत आणलं. ओठ निळे पडलेले, तोंडातून शब्द फुटेना, आणि मूठ खिशातल्या कांद्यावर आवळलेली. राग तर असा आला होता, की रडूही येईना.

दवाखान्यात नाकाला ऑक्सिजन लावला. जरा रंग परतल्यावर डॉक्टरनं समजावलं, की इथल्या याकचं हृदय आणि फुप्फुसं चांगली मोठी असतात. वरच्या तळ्यावरचे हंस श्वास खोल घेतात, आणि त्यांचं रक्त विरळ हवेतलाही ऑक्सिजन घट्ट धरून ठेवतं. पिढ्यान्‌पिढ्या घडलेली शरीरं आहेत ती. तुम्ही तर सकाळी विमानातून उतरलात.

"पण माह्याजवळ कांदा होता," हे पुटपुटले. डॉक्टरनं माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीबाहेर पाहिलं.

यांना ताबडतोब खाली न्यावं लागलं. माझं तळं राहिलं ते राहिलंच. पहिल्या विमानानं आम्ही नागपूरला परतलो.

मग थंडीत एका सकाळी, ऐन लग्नसराईत, यांनी चक्क दुकान बंद ठेवलं आणि मला गाडीत बसवून नागपूरबाहेर, खापा गावाकडच्या एका तलावावर नेलं. पाण्याच्या कडेला राखाडी पक्षी बसले होते, डोक्यावर दोन काळे पट्टे असलेले.

"डॉक्टर सांगत होता ना, तेच हे हंस. हिमालय ओलांडून येतेत इकडं," हे म्हणाले. "तुले तळ्यापर्यंत नेता नाही आलं मले. म्हणून म्हटलं..."

माझे डोळे भरून आले. पण मी काही इतक्यात सोडणारी नव्हे.

"पाहून घ्या नीट," मी म्हटलं. "एवढा हिमालय ओलांडून आले, पण आल्या आल्या टेकडी चढून नाही राहिले. कसे गुमान बसून हायेत."

हे पक्ष्यांकडे पाहतच म्हणाले, "मे महिन्याची तिकिटं काढ वं. दोन दिवस रजईतून पाय बाहेर नाही काढत मी."

"आणि कांदा?"

यांचा स्वेटरच्या खिशातला हात हळूच बाहेर आला. भर थंडीत! कांदा माझ्या हातावर ठेवून म्हणाले, "हा तुह्याजवळ राहू दे."