टाकीत पाणी नसतं हो!

गॅस एजन्सीत मेकॅनिक म्हणून बावीस वर्षं काढली की किस्से जमवावे लागत नाहीत, लोकच घरपोच देतात. माझा निम्मा जन्म एकच वाक्य बोलण्यात गेला: "आत प्रेशर असतं, म्हणून गॅस पातळ होऊन राहतो."

डिंगोऱ्यात एका आजींनी नवी टाकी हलवून पाहिली, आत डुचमळलं. "पाणी भरून देता व्हय रं?"

मी खाली बसून सगळं समजावलं. प्रेशर, पातळ गॅस, बाहेर आला की वाफ. आजींनी शांतपणे ऐकून घेतलं.

"बरं. पुढच्या टायमाला पाणी जरा कमी घाला."

*

मंचरचा एक गिऱ्हाईक टाकी मे महिन्याच्या उन्हात ठेवायचा. म्हणे, जास्त दिवस पुरते! मी हात जोडले. "भाऊ, उन्हानं गॅस वाढत नाय, नुसतं प्रेशर वाढतं."

"आमच्या घरात बी तेच चाललंय राव!"

*

अवसरीचे गुरुजी रिटायर झालेले. दहावीला मला विज्ञान त्यांनीच शिकवलेलं. उरलासुरला गॅस निघावा म्हणून त्यांनी टाकी आडवी केली. पातळ गॅस थेट शेगडीत आला, जाळ छताला! भुवया गेल्या.

मी म्हटलं, "गुरुजी, पदार्थाच्या अवस्था तुम्हीच शिकवल्या होत्या ना?"

"शिकवल्या व्हत्या. करून कधी बघितल्या नव्हत्या!"

*

भीमाशंकरला ऐन थंडीत भंडारा. एकाच टाकीवर दोन मोठ्या भट्ट्या. गॅस भराभर ओढला की टाकी गार पडते आणि प्रेशर उतरतं. भट्ट्या विझल्याचा फोन आला. दीड तास जीप हाकत पोचलो, तर टाकीवर पांढरा बर्फ आणि आचाऱ्यानं तिला शाल गुंडाळलेली.

"हुडहुडी भरलीय तिला," तो म्हणाला. त्याच्या स्वतःच्या अंगात नुसता बनियन!

*

जुन्नरजवळ एका घरात टाकीचा वॉल्व्ह अडकला आणि गॅस फुसफुसायला लागला. मी आणि आमचे डिलिव्हरीवाले शब्बीरभाई धावलो. घरातल्यांना बाहेर काढलं, दारं-खिडक्या सताड उघडल्या. "काडी ओढू नका, बटण दाबू नका!" मी ओरडत होतो. शब्बीरभाईंनी टाकी उचलून लांब वावरात नेली. पातळ गॅस उडून त्यांचा उजवा पंजा गारठून पांढराफटक पडला. मी त्यावर पाणी ओतत बसलो.

तेवढ्यात घरच्या वहिनी ट्रे घेऊन आल्या. वाफाळता चहा.

मी विचारलं, "वहिनी, हा कशावर केला?"

"कशावर म्हंजे? गॅस तुमीच नेला. मग घरात स्टो पेटवला!"

शब्बीरभाईंनी डाव्या हातानं कप उचलला, एक घोट घेतला.

"साखर बराबर हाय, वहिनी."